राखेवर आधी कोण उतरलं

सन १७८०, फेब्रुवारी. जावा आणि सुमात्रा यांच्यामधल्या सुंदाच्या सामुद्रधुनीत क्राकाताऊ नावाचं बेट आहे आणि तुम्ही त्याच्या किनाऱ्यावर उभे आहात. समोर इंग्रजांची जहाजं नांगरून पडली आहेत. कॅप्टन कुकच्या तिसऱ्या सफरीतली ही जहाजं, पण खुद्द कुक त्यांत नाही. वर्षभरापूर्वी तो हवाईत मारला गेला. खलाशी पिंपांत गोडं पाणी भरताहेत. थोड्या अंतरावर जॉन वेबर हा जहाजावरचा चित्रकार पंख्यासारख्या पानांच्या एका ताडाकडे बघत बसला आहे. पुढे या ताडाचं चित्र छापलं जाईल आणि क्राकाताऊच्या मूळ जंगलाची फार थोडी चित्रं मागे राहिली, त्यांतलं ते एक ठरेल.

तुम्ही त्या ताडात गुंतू नका. पाठ फिरवा आणि डोंगराकडे बघा. रकाटाचं शिखर आठशे मीटरच्या वर गेलेलं, त्याच्या उत्तरेला दानान आणि पेरबुआतान हे बुटके डोंगर, आणि तिन्हींवर माथ्यापर्यंत चढलेलं हिरवं रान. काय काय आहे ते लिहून घ्या. एखादं पान, एखादं फळ, झाडाच्या सालीचा रंग, काहीही चालेल. कारण पुढच्या शंभर वर्षांत हे काम कुणीच धड करणार नाही. येणारे-जाणारे चार-दोन नमुने उचलतील आणि निघून जातील. मग एका ऑगस्टमध्ये हे रान नाहीसं होईल आणि जगभरचे वनस्पतिशास्त्रज्ञ नव्या रानातलं पान न् पान मोजायला लागतील. पण हरवलं काय होतं, याची यादी कुणाकडेच नसेल. 'जंगल परत आलं' असं या बेटाबद्दल सगळेच सर्रास म्हणतात. ते ऐकताना ही गोम लक्षात ठेवलेली बरी.

आता ११ ऑगस्ट १८८३. होडीतून उतरताना तुमच्या पुढे डच सैन्यातला एक कॅप्टन आहे, फर्झेनार. तो बेटाचा नकाशा करायला आलाय. २० मेपासून पेरबुआतान धुमसतो आहे. मे महिन्यात बाटाव्हियाहून एक आगबोट हौशी मंडळींना घेऊन हा तमाशा दाखवायलाही येऊन गेली. आता तमाशा राहिलेला नाही. झाडांना पान नाही. करड्या राखेत बुंधे उभे आहेत, काही मोडलेले, आणि तोंडं एक-दोन नाहीत, अनेक ठिकाणांहून वाफ निघते आहे. फर्झेनार किनाऱ्याकिनाऱ्याने जमेल तेवढी मापं घेतो आणि आत शिरणं धोक्याचं आहे असं कळवून परततो. त्याच्यानंतर या बेटावर, ते अख्खं असताना, कुणी पाऊल टाकल्याची नोंद नाही. रानाचा शेवट २७ ऑगस्टला झाला असं आपण म्हणतो, पण तो सुरू झाला होता मे महिन्यातच.

२७ ऑगस्टला इथे उभं राहता येणार नाही. सकाळी १० वाजून २ मिनिटांनी होणारा स्फोट ऐकायचाच असेल तर हिंदी महासागराच्या दुसऱ्या टोकाला, रॉड्रिग्ज बेटावर जा. मध्ये सुमारे ४,८०० किलोमीटर पाणी आहे. तिथला पोलीसप्रमुख जेम्स वॉलिस पूर्वेकडून तोफांसारखे आवाज येताहेत अशी नोंद करतो. एखादं जहाज संकटात असावं, असं तिथे वाटतं. हवेच्या दाबाची लाट पृथ्वीभोवती फिरते आणि मुंबईच्या वेधशाळेतल्या वायुभाराच्या नोंदीतही उमटते. सामुद्रधुनीच्या दोन्ही किनाऱ्यांवर मात्र आवाजापेक्षा पाणी मोठं होतं. आन्येर, मेराक, तेलुक बेतुंग. ३६ हजारांहून जास्त माणसं गेली, बहुतेक लाटेत. पुढे आपण बीज, पान, कोळी यांत रमणार आहोत. त्या किनाऱ्यांवरच्या गावांना परत यायला काय लागलं, ती कथा वेगळी आणि जास्त जड आहे.

ऑक्टोबर १८८३. डच भूशास्त्रज्ञ फरबेक बेटावर उतरतो आहे, त्याच्या मागोमाग तुम्ही. बेट म्हणजे आता उरलंय काय? दोन-तृतीयांश भाग समुद्रात बसला. पेरबुआतान नाही, दानान नाही. रकाटा अर्धा कापला गेलाय. उत्तरेकडून बघितलं तर शिखरापासून पाण्यापर्यंत जवळजवळ उभा कडा, आणि त्यात ज्वालामुखीचं पोट थर न् थर उघडं पडलेलं. दक्षिणेकडच्या उतारावर काही ठिकाणी साठ मीटरहून जाड राख आणि प्यूमिस.

सह्याद्रीत वाढलेल्या माणसाला ज्वालामुखीचा दगड म्हटला की काळा कातळच आठवतो. इथे तसं नाही. इथला थर फिकट, पांढुरका, भुसभुशीत आहे. प्यूमिसचा तुकडा उचला. इतका सच्छिद्र आणि हलका की पाण्यात टाकला तर तरंगतो. सामुद्रधुनीत त्याचे तराफेच्या तराफे फिरताहेत, आणि पुढच्या वर्षभरात त्यांतले काही आफ्रिकेच्या किनाऱ्याला जाऊन लागतील. तुमच्या बुटांच्या तळव्यातून ऊब वर येते. पाऊस पडला की खालच्या गरम थरातून वाफ उठते. वरून वाहणारं पाणी राखेत खोल घळी पाडतं आणि कडा ढासळून तुमच्या वाटेवर येतात. हिरवं काही शोधा. खडकाच्या आडोशाला, घळीच्या तळाशी, कुठेही. नाही सापडत.

मे १८८४. नऊ महिने झाले. फ्रेंच प्रवासी एडमों कोतो बेटावर काहीतरी जिवंत सापडतंय का ते पाहतो आहे. त्याला एकच जीव सापडतो, एक बारीकसा कोळी. एकटाच, आणि जाळं विणतो आहे.

या कोळ्यावर आजवर बरंच लिहिलं गेलंय, बहुतेक वेळा हळवं होऊन. तुम्ही जरा व्यवहारी प्रश्न विचारा: हा खाणार काय? ज्या बेटावर गवताचं पातंही नाही तिथे जाळं विणून उपयोग काय? उत्तर वर आहे. कोळ्यांची पिल्लं रेशमाचा धागा सोडून वाऱ्यावर स्वार होतात, हा तसाच आलाय. त्याच वाऱ्यातून माश्या, चिलटं, मावा, बारीक भुंगे असं बरंच काही दिवसरात्र या राखेवर पडत असतं. त्यातलं बहुतेक मरतं. शंभर वर्षांनी ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञ शेजारच्याच एका नव्या लाव्हावर पाण्याने भरलेली भांडी ठेवून हा वरून पडणारा शिधा मोजतील आणि त्यावर जगणारे रातकिडे उघड्या लाव्हात शोधून काढतील. म्हणजे हिरवळीच्या आधी इथे मढी खाणारे आणि शिकारी आले. आधी गवत, मग गवत खाणारा, मग त्याला खाणारा ही शाळेत शिकवलेली उतरंड या बेटाने पाळली नाही. शिवाय मेलेल्या किड्यांतून राखेला नत्र मिळालं, जे राखेत जवळजवळ नव्हतंच. ज्वालामुखीची राख सुपीक असते असं आपण ऐकतो. तिच्यात स्फुरद असतं, पालाश असतं, चुना असतो, पण नत्र नसतं, आणि ते नसेल तर बाकी सगळं असून नसल्यासारखं.

आता जून १८८६ मध्ये या. इथे घाई करू नका. अवघी तीन वर्षंही पुरी झालेली नाहीत.

बोगोरच्या (तेव्हाच्या बाइटेनझॉर्गच्या) वनस्पती उद्यानाचा संचालक मेल्खिओर ट्रॉइब पेटारा घेऊन उतरला आहे. त्याच्यामागून किनारा सोडून आत चढायला लागा. पहिल्या काही पावलांतच तुमचा पाय घसरतो. खाली वाकून बघा. राखेवर गडद हिरवट, बुळबुळीत असा पातळ थर पसरलाय. निळं-हिरवं शेवाळ. नखाने खरवडलं तर त्याखालची राख ओलसर लागते आणि आजूबाजूची कोरडी. ट्रॉइबला जे हवं होतं ते हेच. त्याचं म्हणणं असं, की या चिकट थरानेच राख धरून ठेवली, ओल टिकवली आणि नेच्यांच्या बीजाणूंना रुजायला जागा दिली. अशा शेवाळांपैकी कित्येक हवेतलं नत्र पकडून मातीत आणतात, हे पुढे नीट कळलं.

आणि मग नेचे. उतारावर जिकडे बघाल तिकडे नेचे. ट्रॉइबने नेच्यांच्या ११ जाती मोजल्या आणि फुलझाडांच्या १५. त्यांतला एक नेचा तुम्ही लगेच ओळखाल, लांब झालरीसारख्या पानांचा. आपल्याकडे जुन्या वाड्यांच्या चुन्याच्या भिंतींत, विहिरींच्या कडांना तो पावसाळ्यात उगवतो. दुसऱ्या एकाच्या पानांची खालची बाजू चुन्यासारखी पांढरी आहे. हा मूळचा अमेरिकेतला. मळ्यांबरोबर आणि बागांबरोबर तो जगभर पसरला आणि संधी मिळताच इथे हजर झाला. नेच्यांचे बीजाणू धुळीइतके बारीक. चाळीस किलोमीटरवरच्या जावा किंवा सुमात्राहून ते उडून यायला काहीच अडचण नाही. अडचण असते ती पडल्यानंतर, आणि इथे ओल होती, जागा होती, आणि मुख्य म्हणजे आधीचं कुणी नव्हतं.

मागे वळून किनाऱ्यावर परत या. इथे तुम्हाला घरी आल्यासारखं वाटेल. वाळूवर पसरलेली, आपट्यासारख्या दुभंगलेल्या पानांची, जांभळ्या फुलांची मर्यादवेल. दापोलीला, देवबागला, काणकोणला भरतीच्या रेषेवर जी असते तीच. वाळूत पडलेली उंडीची गोल फळं, बदामाची बोटीच्या आकाराची फळं, केवड्याच्या कणसातून सुटलेले लाकडी तुकडे. हिंदी महासागराच्या काठाला अशा झाडांची एक जमातच आहे, आफ्रिकेपासून पॅसिफिकपर्यंत पसरलेली, आणि तिला देशाच्या सीमा ठाऊक नाहीत. उंडीच्या कवचात हवा असते, बदामाभोवती बुचासारखा थर असतो, नारळाला काथ्या असतो. महिनोन्‌महिने खाऱ्या पाण्यात तरंगून बी जिवंत राहावं म्हणून ही सगळी तजवीज. किनाऱ्यावरच्या रानातल्या शेंगवर्गीय वेली मुळांवरच्या गाठींतून नत्रही स्वतःचं स्वतः आणतात.

आता मध्ये उभं राहून दोन्हीकडे बघा. खाली वाळूवर समुद्राने आणलेलं, वर उतारावर वाऱ्याने आणलेलं. दोन रानं, आणि दोघांची ओळख नाही. उंडीचं बी लाटेबरोबर वर चढू शकत नाही. नेचा खाऱ्या वाळूत टिकत नाही. मधल्या पट्ट्यासाठी तिसरी वाट लागते, ती अजून उघडलेली नाही.

ट्रॉइब काही तासांत निघून जाईल. या घाईवरून पुढे मोठं भांडण होणार आहे.

पुढचा टप्पा १८९७, आणि तिथे तुम्हाला फारसं काही दिसणारच नाही, कारण तुम्ही गवतात बुडालेले असाल. डोक्याच्या वर गेलेलं काशाचं गवत, पांढरे तुरे, आणि हाताला कापणारी पाती. त्याच्या पायथ्याशी तिथल्या लोकांचं अलांग-अलांग. नेच्यांचं राज्य अकरा वर्षांत मागे हटलं. दोन्ही गवतांचं बी कापसासारखं उडतं, म्हणजे तेही वाऱ्याचीच प्रजा. घळींमध्ये अधूनमधून झुडपं आणि लहान झाडं. किनाऱ्यावर सुरूची दाट रांग. सुरूचं बी पंखवालं, आणि त्याच्या मुळांवर राहणारे सूक्ष्मजीव हवेतून नत्र ओढतात, म्हणून नागड्या वाळूवर तो इतका झपाट्याने वाढतो. गवतातून वाट काढताना खाली बघत चला. जमिनीवर वाढणारी ऑर्किडं फुलली आहेत, जांभळी. त्यांचं बी धुळीसारखं, पण त्याच्यापाशी शिधा नसतो. जमिनीत योग्य बुरशी भेटली तरच ते रुजतं. म्हणजे बुरशीही पोचली आहे, कुणी मोजली नसली तरी. ट्रॉइब या खेपेला सोबत्यांना घेऊन आलाय आणि वनस्पतींचा आकडा साठीच्या घरात गेला आहे.

तिसरी वाट उघडते ती पाखरांच्या पोटातून. १९०८ साली जेकबसन हा संग्राहक बेटावर येतो, तेव्हा कायम राहणाऱ्या डझनभर जातींचे पक्षी इथे आहेत, घोरपडही आहे. घळीत शिरा. इथे गवत संपतं आणि सावली लागते. मोठ्या, ढालीसारख्या पानांची झाडं आपल्या कोकणातल्या चांदाड्याच्या नात्यातली. आणि त्यांच्या जोडीला उंबर.

उंबर म्हणजे आपला नेमका औदुंबर नव्हे, त्याच्या गोतातल्या इथल्या जाती. या गोताची अडचण अशी की नुसतं बी येऊन भागत नाही. फळ दिसतं ते खरं तर आत वळलेल्या फुलांचं भांडं आहे, आणि त्या फुलांचं परागण करणारी एक-दोन मिलिमीटरची गांधीलमाशी प्रत्येक जातीची साधारण आपली आपली ठरलेली असते. ती जेमतेम एक-दोन दिवस जगते. भांड्याच्या तोंडाशी असलेल्या फटीतून आत शिरताना तिचे पंख तुटतात, आत अंडी घालून ती मरते. पुढची पिढी बाहेर पडते तेव्हा तिला जवळच त्याच जातीचं, नेमक्या त्याच अवस्थेतलं दुसरं झाड हवं. हे सगळं जावाच्या जंगलात ठीक आहे. इथे?

समजा एका कबुतराने सुमात्रात फळं खाल्ली आणि इथे घळीत शिटलं. झाड उगवलं, मोठं झालं, भांडी धरली. माशी नाही. फळं न पिकता, बी न धरता गळून गेली. पुढच्या हंगामात तेच. तुम्ही त्या झाडाखाली उभे आहात आणि पायाखाली गळलेल्या हिरव्या भांड्यांचा सडा आहे. एखादं फोडा. आत पोकळ फुलं. हे झाड वर्षानुवर्षं फुकट फळत राहील, जोवर चाळीस किलोमीटर समुद्र ओलांडून, वाऱ्यात भिरभिरत, एक-दोन दिवसांचं आयुष्य असलेली नेमकी ती माशी येत नाही. आणि एक येऊन चालणार नाही, तिच्या लेकींसाठी आजूबाजूला पुरेशी झाडं हवीत. कागदावर मांडलं तर हे होणं अशक्यच वाटतं. पण झालं, एका जातीचं नव्हे, एकामागून एक. पुढे या बेटांवर उंबरकुळातल्या जातींचा आकडा वीसच्या वर गेला. वाऱ्यातल्या त्या वरून पडणाऱ्या शिध्यात किती काय असतं, याचा याहून चांगला पुरावा मला माहीत नाही.

उंबर पिकू लागले की वेग बदलतो. फळ आहे म्हणून पाखरं थांबतात, पाखरं थांबतात म्हणून दुसऱ्या झाडांच्या बिया पडतात. १९२० च्या आसपास फळं खाणारी वटवाघळंही नोंदली गेली. पाखरू फांदीवर बसून शिटतं, वटवाघूळ उडता उडता, त्यामुळे झाड नसलेल्या उघड्या जागेतही बी पडतं. पूर्वी असं धरलं जाई की वटवाघळाच्या पोटात बी अर्ध्या तासाच्या वर टिकत नाही, मग समुद्र ओलांडणार कसं? १९९० च्या दशकात दिसून आलं की काही बारीक बिया बारा तासांहून जास्त वेळ आत राहून जिवंत बाहेर पडतात. एवढ्या वेळात चाळीस किलोमीटर म्हणजे काहीच नाही.

माणसाची वाट राहिलीच. १९१६ साली किनाऱ्याजवळ एक घर दिसतं. हांडल नावाचा जर्मन गृहस्थ प्यूमिस काढायचा परवाना घेऊन कुटुंबकबिल्यासह राहतो आहे. घराभोवती बाग आहे. काही वर्षांत तो निघून जाईल, पण उंदीर मागे राहतील, आणि ते त्याच्याच सामानातून आले असावेत असा सगळ्यांचा कयास आहे. त्याच्यावर हसण्याआधी तुमच्या मोज्यांकडे बघा. १८९७ च्या गवताची कुसळं अजून चिकटलेली आहेत. ती इथे झटकू नका. जे वनस्पतिशास्त्रज्ञ पेटारे घेऊन आले त्यांच्या बुटांच्या चिखलातून काय आलं, हे त्यांच्यापैकी कुणी मोजलेलं नाही.

आता भांडणाकडे येऊ. १९२९. कोर्नेलिस बाकर हा डच वनस्पतिशास्त्रज्ञ एक पुस्तक काढतो आणि ट्रॉइबवर तुटून पडतो. त्याचा मुद्दा सरळ आहे: बेटावर काहीच जिवंत उरलं नव्हतं हे ठरवलं कुणी? तुम्ही काही तासांसाठी उतरलात, किनारा आणि एक उतार पाहिलात, शिखराकडे कुणी फिरकलं नाही. राखेखाली गाडलेलं एखादं मूळ, घळीने उघडी पाडलेली जुनी माती, तिच्यातलं बी, यांचं काय? सगळं शून्यापासून उगवलं ही गोष्ट ऐकायला छान आहे, पण सिद्ध झालेली नाही. बाकर तिखट होता आणि पद्धतीबद्दल त्याचं बरोबर होतं. तुम्ही आता त्याला सांगू शकता की ऑक्टोबर १८८३ मध्ये बुटांच्या तळव्यातून ऊब वर येत होती. तोही तुम्हाला विचारेल की तुम्ही तरी शिखरावर कुठे गेला होतात. आज बहुतेक अभ्यासकांचा कौल काहीच वाचलं नसावं याच बाजूला आहे. तरीही शंभर टक्के खात्री देण्याची संधी १८८३ मध्येच हुकली.

हे वाद चालू असताना बेटावर एक मोठी घडामोड गुपचूप उरकत आली आहे. बोगोरचाच डॉक्टर्स फान लेउवेन १९१९ पासून पुन्हा पुन्हा इथे येतो. त्याच्याबरोबर १९२० साली चढलात तर गवत आहे आणि गवतात झाडांची बेटं आहेत. १९३० च्या सुमारास चढलात तर छत मिटलेलं. पानांवर पानं, आणि खाली मंद उजेड. रकाटाच्या उतारांवर आता नेओनॉक्लियाचं रान माजलंय. हे झाड आपल्या कदंबाच्या गोतातलं, तशीच गोल चेंडूसारखी फुलं, आणि बी बारीक, वाऱ्यावर जाणारं. वर शिखराजवळ ढगात भिजलेली झुडपं आणि शेवाळ. सत्तेचाळीस वर्षांत उघड्या राखेवर जंगल उभं राहिलं, असं म्हणून टाळी वाजवायचा हा क्षण आहे.

पण खाली बघा. जांभळी ऑर्किडं कुठे गेली? काश कुठे गेलं? सावलीत ती जगत नाहीत. १९३० च्या दशकातल्या पाहणीत आधी नोंदलेले दोन पक्षी सापडले नाहीत, एक खाटीक आणि एक बुलबुल, दोघेही मोकळ्या माळाचे. अमेरिकेतले मॅकआर्थर आणि विल्सन हे दोघे जण १९६७ साली बेटांवरच्या जीवसृष्टीबद्दलचा आपला प्रसिद्ध सिद्धान्त मांडताना क्राकाताऊच्या या पाखरांची आकडेमोड करतील: किती आले, किती गेले. आपण मात्र यायचं तेवढं मोजतो. प्रत्येक नवं रान मागच्या रानाला हाकलून उभं राहिलं, आणि त्या हाकललेल्यांनीच त्याच्यासाठी माती केली होती.

तुम्ही रकाटावर आहात तोवर हे सगळं ठरल्याप्रमाणे घडल्यासारखं वाटतं. शेवाळ, नेचे, गवत, घळीतली झाडं, छत. पायऱ्याच जणू. म्हणून १९८० च्या दशकात या आणि होडी करून बाजूच्या दोन बेटांवर जा. सरतुंग आणि पांजांग. दोन्ही १८८३ च्या आधीपासूनची, दोन्ही त्याच दिवशी त्याच राखेखाली गेलेली. तिन्ही बेटं एकमेकांपासून काही किलोमीटरवर. तोच पाऊस, तीच पाखरं, तोच समुद्र. म्हणजे जंगलही तेच असायला हवं. इंग्लंडचे रॉबर्ट व्हिटेकर आणि ऑस्ट्रेलियाचे इयन थॉर्न्टन यांच्या तुकड्या इथे फिरताहेत आणि त्यांना दिसतंय ते असं, की नेओनॉक्लियाचं राज्य रकाटावर आहे, इथे नाही. इथे टिमोनियस आणि डिसॉक्सिलम यांनी रान व्यापलंय. टिमोनियसचं फळ पाखरं खातात, डिसॉक्सिलमचंही. कोणतं झाड कोणत्या बेटावर आधी फळलं, कोणत्या थव्याने कुठे मुक्काम केला, यात काही वर्षांचा फरक पडला आणि पुढची पन्नास वर्षं वेगळी झाली. शिवाय या दोन बेटांवर अधूनमधून ताजी राख पडते, रकाटावर तेवढी पडत नाही.

ती राख येते ते ठिकाण तुम्हाला मघापासून दिसतंय. बुडालेल्या डोंगरांच्या जागी, तिन्ही बेटांच्या मधोमध, धुरकट शंकू. २९ डिसेंबर १९२७ ला कोळ्यांना तिथे समुद्र उकळताना दिसला. नव्या बेटाने डोकं वर काढलं की लाटा ते धुऊन नेत, असं पुन्हा पुन्हा झालं, आणि ऑगस्ट १९३० मध्ये ते कायमचं टिकलं. आनाक क्राकाताऊ, क्राकाताऊचं पोर. इथे १८८६ चा प्रयोग पुन्हा करून पाहता आला असता, पण पोर स्वस्थ बसत नाही. १९५२ साली त्याने आपल्या अंगावरची हिरवळ पुसून टाकली आणि सगळं पहिल्यापासून सुरू झालं. मात्र आता बिया येतात त्या जावाहून नव्हे, काही किलोमीटरवरच्या रकाटाहून, सरतुंगहून. शेजारी जंगल असताना सुरू करणं आणि आजूबाजूला सगळं भाजून निघालेलं असताना सुरू करणं, या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

आणि जे अजून आलं नाही त्याकडेही बघा. डिप्टेरोकार्प गोतातली झाडं, जावा-सुमात्राच्या जुन्या रानांचे ते उंच खांब, इथे नाहीत. त्यांच्या बीला पंख असतात, पण ते गिरक्या घेत झाडापासून थोड्या अंतरावर पडतं आणि फार दिवस थांबत नाही, लगेच रुजायला बघतं. समुद्र त्याच्यासाठी भिंत आहे. मोठ्या बियांची, मोठ्या प्राण्यांच्या पोटातून फिरणारी झाडंही अशीच अडली. वेबरसमोर उभं असलेलं रान तुम्ही १७८० मध्ये पाहिलंत. त्यात यांतलं काय होतं, सांगा बघू. तुमची यादी हा एकमेव पुरावा आहे आणि ती तुम्ही कुणाला दाखवू शकत नाही.

२२ डिसेंबर २०१८, रात्रीचे नऊ वाजायला आले आहेत. आनाकचा नैऋत्येकडचा कडा समुद्रात घसरतो. भूकंपाचा इशारा नाही. लाट पुन्हा जावा-सुमात्राच्या किनाऱ्यांवर जाते आणि चारशेहून जास्त माणसं मरतात. ३३८ मीटर उंचीचा शंकू काही दिवसांत ११० मीटरच्या आसपास येतो. समोरच्या बेटांवर पाण्याने काही ठिकाणी ८० मीटर उंचीपर्यंत झाडं खरवडून नेली आहेत. वर जंगल आणि खाली नागडी माती, मध्ये सुरीने कापल्यासारखी रेष. आनाकवर सुरूचं रान होतं, तेही राखेखाली गेलं.

आनाकच्या नव्या काळ्या किनाऱ्यावर तुम्हाला शेवटचं उतरवतो आहे. भरतीच्या रेषेवर नारळ, उंडी, प्लॅस्टिकच्या चपला, प्यूमिस. तुम्ही १८८६ पाहिलंय, १८९७ पाहिलंय, तेव्हा नावाड्याने पैज मारली तर मर्यादवेल, सुरू आणि काश यांवर खुशाल पैसे लावा. त्यापुढचं झाड त्याने विचारलं तर आधी त्याला विचारा, या वर्षी सरतुंगवर काय पिकलंय आणि कबुतरं कुठे बसताहेत.